नकोचं बटण

ऑफिसात तिला सगळे पट्टीवाली म्हणायचे आणि तिला त्या नावाचा अगदी वीट आला होता. कुठलीही वेबसाइट उघडा, दोन ओळी वाचून होत नाहीत तोच खालून एक पट्टी उगवते: आम्ही कुकीज वापरतो, तुमची संमती आहे का? तर ती पट्टी. ती बनवायचं काम हिच्याकडे. सहा महिन्यांत हिने एक्केचाळीस साइटना पट्ट्या चढवल्या होत्या आणि त्यातली एकही चार माणसांना बोलावून दाखवावी अशी नव्हती.

कुकी म्हणजे काय, तर साइटने तुमच्या फोनमध्ये गुपचूप ठेवलेली एक बारीकशी नोंद. काही नोंदी गरजेच्या असतात. गिऱ्हाइकाने पिशवीत काय टाकलं हे दुकानाला लक्षात ठेवावंच लागतं. बाकीच्या निव्वळ पाळतीच्या. त्या साइटच्या नसतातच मुळी, जाहिरात कंपन्यांच्या असतात, आणि तुम्ही इथून उठून बातम्या वाचायला गेलात की त्याही मागोमाग तिथे हजर. नव्या कायद्याचं म्हणणं अगदी साधं होतं. आधी विचारा, मग ठेवा. ‘हो’ म्हणणं जितकं सोपं, तितकंच ‘नको’ म्हणणं सोपं असू द्या. माणसाच्या वतीने आधीच खुणा करून ठेवू नका. उद्या त्याचं मन बदललं तर त्याला मागे फिरू द्या. आणि कोण काय म्हणालं ते लिहून ठेवा. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बरं? पण साइटमालकांना ते कळत नव्हतं, कारण कळून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं.

ते मालक एकेक येऊन साहेबांच्या केबिनमध्ये बसायचे आणि सगळ्यांचं तेच एक तुणतुणं असायचं. कायदा पाळल्यासारखं दिसलं पाहिजे. पाळायचा नाही हो, पाळल्यासारखं दिसायचं. एकाला ‘नको’ शब्दच नको होता. दुसऱ्याला त्या जागी ‘मला चांगली सेवा नको आहे’ असं लिहून हवं होतं, म्हणजे माणूस शरमून हो म्हणेल. ही टेबलापलीकडे वही घेऊन बसायची आणि मान डोलवायची. घरी जाऊन हात धुवायची तेव्हा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धुवायची.

त्यातला सगळ्यात मोठा नग होता तो रुग्णसाहित्यवाला मालक. कुबड्या, वॉकर, अंथरुणातली भांडी असं सगळं तो ऑनलाइन विकायचा, पण त्याचा खरा खप मोठ्या माणसांच्या डायपरचा. गृहस्थ समोर बसून काडीने दात कोरायचा, काडीकडे निरखून बघायचा आणि मग बोलायचा. तो म्हणाला, पट्टी दिसली पाहिजे, पण आडवी आली नाही पाहिजे. ‘हो’चं बटण हिरवं आणि तळहाताएवढं करा. ‘नको’ ठेवायचंच असेल तर ठेवा, पण करड्यावर करडं, बारीक अक्षरात, चष्मा लावूनही सापडू नये असं. ज्यांच्यासाठी दुकान उघडलं ती सगळी साठीपुढची, चष्मेवाली माणसं. एवढं बोलून तो हसला, आणि साहेबही हसले, आणि हिने वही मिटली.

तरी हिने ते केलं. आणि त्याहून वाईट जे केलं, ते पट्टीवर दिसतच नव्हतं.

खरी पद्धत अशी की पाळतीच्या कंपन्यांचा कोड दाराआड अडवून ठेवायचा आणि माणसाने ‘हो’ म्हटलं तरच दार उघडायचं. त्या साइटवर अशा चौदा कंपन्या होत्या. प्रत्येकीला दार लावायचं म्हणजे दोन दिवसांचं किचकट काम, आणि कायद्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. साहेब म्हणाले, आधी पट्टी चढव, जोडणी मागाहून बघू. तिने पट्टी चढवली. ‘नको’ दाबलं की पट्टी नाहीशी व्हायची आणि आत एका तक्त्यात ओळ पडायची: अमुक दिवशी, अमुक वाजता, नको. बस्स. चौदाच्या चौदा जणी तर पट्टी उगवायच्या आधीच आत शिरून बसलेल्या असायच्या. मागाहून म्हणता म्हणता दुसरी साइट आली, मग तिसरी आली, आणि त्या ऑफिसात मागाहून म्हटलेलं काम आजवर कुणी केलेलं नव्हतं. तिला हे सगळं माहीत होतं. आपलं काम आपण अर्धवट टाकलंय हे तिला रोज माहीत होतं.

घरी ती वडिलांना मात्र अगदी शहाण्यासारखं शिकवायची. वडील वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. जन्मभर दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडले, कुणाच्या घोटभर चहालाही शिवले नाहीत. निवृत्तीनंतर टॅबलेट हाती आला तर त्यावरही कुठली अट न वाचता पुढे जायचे नाहीत. ती पट्टी आली की ते हिला हाक मारायचे. ही सांगायची, बाबा, हिरव्याला भुलायचं नाही, खाली बारीक अक्षरात ‘नको’ असतं ते शोधायचं आणि तेच दाबायचं. ते चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीन नाकाशी नेऊन ते शोधायचे आणि दाबायचे.

मागच्या वर्षी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. छान झालं, डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. वडीलही म्हणाले, सगळं ठीक आहे. ते रोज फिरायला जायचे, जुन्या सहकाऱ्यांबरोबर बाकावर दोन तास बसायचे, वेळेवर परत यायचे. घरात कुणाला कसली शंका आली नाही, कारण त्यांनी ती येऊ दिली नाही.

मग तो रविवार उजाडला. आत्या जेवायला आली होती. जेवणं झाली, सगळे बाहेरच्या खोलीत पसरले. दादाला, म्हणजे हिच्या थोरल्या भावाला, मॅचचा स्कोअर बघायचा होता. त्याने टेबलावरचा टॅबलेट उचलला आणि हौसेने मोठ्या टीव्हीला जोडला, म्हणजे सगळ्यांनाच दिसेल. बातम्यांचं पान उघडलं. स्कोअर राहिला बाजूला, आणि त्याच्या शेजारी हातभर उंचीचा एक पिकल्या केसांचा माणूस दात दाखवत उभा राहिला. खाली लिहिलं होतं: लघवीवर ताबा सुटतोय? लाजू नका. दादाने पान खाली सरकवलं तर तोच माणूस, आता डायपरचं पाकीट हातात घेऊन. आणखी खाली सरकवलं तर तिसऱ्यांदा तोच: तुमच्या मापाचे पुन्हा आले आहेत.

दादाला हसू आवरेना. हे कुणाचं पार्सल म्हणायचं, त्याने विचारलं, आईचं की बाबांचं? आत्या तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दादा तसा वाईट नाही हो, पण एकदा चेकाळला की त्याला थांबता येत नाही. त्याने एकेक करून सगळ्यांची मापं काढली. आईही पदराआड हसली, आणि मग तिची नजर वडिलांकडे गेली आणि तिचं हसू तिथेच विरलं.

वडील उठले. खुर्चीच्या हातांना धरून सावकाश, पाठ भिंतीकडे ठेवून उठले आणि आपल्या खोलीत गेले. दार त्यांनी आपटलं नाही, नुसतं लावलं. दादाचा हात तसाच हवेत राहिला. आत्याला काही कळलं नव्हतं, ती अजून डोळे पुसत होती.

पट्टीवालीने टीव्हीवरच्या त्या माणसाकडे बघितलं. तो दात दाखवणारा माणूस तिच्या ओळखीचा होता. त्याचा फोटो तिनेच कापून, उजळ करून त्या साइटवर चढवला होता.

तासाभराने ती वडिलांच्या खोलीत गेली. ते पलंगाच्या कडेला ताठ बसले होते. तिला वाटलं होतं ते चिडतील, निदान गप्प राहतील. पण त्यांना भलत्याच गोष्टीने पोखरलं होतं.

“मी नको दाबलं होतं,” ते म्हणाले. “दर वेळी. ते करडं, बारीक. तू सांगितलं होतंस तसंच.”

“हो बाबा.”

“मग ते बटण करतं काय?”

ती दाराशीच उभी राहिली. खोटं बोलायला शंभर वाटा होत्या, आणि त्यातली एकही तिला त्या घडीला सुचली नाही.

“पट्टी बंद होते,” ती म्हणाली.

“आणि?”

“आणि काही नाही.”

“तुला कसं ठाऊक?”

“मीच केलंय ते.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. असं पाहणं तिने लहानपणी एकदाच बघितलं होतं, तळ कोरून मेण भरलेलं वजन एका दुकानदाराच्या गल्ल्यामागे सापडलं होतं तेव्हा. मग त्यांनी चष्मा पुसला, मिटला, उशीजवळ ठेवला. ती बाहेर आली.

सोमवारी ते फिरायला गेले नाहीत. मंगळवारी मागच्या दोरीवर जुन्या टॉवेलचे चौकोनी तुकडे वाळत होते, कडा कात्रीने सरळ कापलेल्या. आईने ते काढून, घड्या घालून वडिलांच्या कपाटात ठेवले. ते पाकीट मागवणं त्यांनी बंद केलं होतं, आणि त्याबरोबर बाहेर पडणंही. बाकावरच्या मित्रांचा फोन आला तर गुडघा दुखतोय असं सांगितलं. त्या बटणाने त्यांना घरात डांबलं होतं, आणि ते आपल्या घरातूनच निघालेलं बटण होतं. पट्टीवालीला मालकाची किळस होतीच, पण ती सोपी होती. स्वतःची आली ती पुसता येईना.

ऑफिसात तिने तो तक्ता उघडला. सहा महिन्यांत तो कुणीही उघडला नव्हता, तिनेही नाही. कायद्यासाठी पुरावा म्हणून ठेवलेला, धूळ खात पडलेला. त्यात अकरा हजार सहाशे बेचाळीस ‘नको’ होते. अकरा हजार सहाशे बेचाळीस वेळा कुणीतरी चष्मा चढवून ते करडं अक्षर शोधून काढलं होतं, दाबलं होतं आणि निर्धास्त होऊन पुढे गेलं होतं. ती ओळीमागून ओळी बघत राहिली आणि तिला भडभडून आलं. दुपारी दोन ते तीनच्या ओळींत कुठेतरी बाबा होते. दुपारी आई झोपलेली असते.

ती कुणाला न विचारता कामाला बसली. चौदाही कंपन्यांना दारं लावली. माणसाने ‘हो’ दाबल्याशिवाय एकही आत येणार नाही अशी सोय केली. ‘हो’ आणि ‘नको’ एकाच रंगाचे, एकाच मापाचे, शेजारी शेजारी ठेवले. पानाच्या तळाशी ‘मत बदला’ असा दुवा टाकला. कुठली कंपनी काय नोंद ठेवते आणि किती दिवस, याची यादी सरळ भाषेत लिहिली. मग कोरा ब्राउझर उघडून ‘नको’ दाबलं आणि कितीजणी आत आल्या ते मोजलं. शून्य. दोन दिवसांचं ते काम दोन दिवसांतच झालं होतं. एवढंच होतं ते.

शुक्रवारी सकाळी मालक आला तो काडी दातांत धरूनच. त्याच्या पडद्यावरचे सगळे आकडे एका रात्रीत झोपले होते. साहेबांनी हिला बोलावलं. हिने तक्त्याचा कागद पुढे केला, कायदा काय म्हणतो ते सांगितलं, अकरा हजार माणसांचं सांगितलं. कुणीतरी तक्रार केली तर दुकानाला कुलूप लागेल, असंही म्हणाली. मालकाने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

“तक्रार कोण करणार?” तो म्हणाला. “माझं गिऱ्हाईक? चारचौघांत उभं राहून सांगेल का, मी काय घेतो ते? अहो, ती माणसं बायकोला सांगत नाहीत.”

आणि त्याने दात कोरले.

साहेबांनी हसून विषय बदलला. तासाभरात दुसऱ्या माणसाकडून जुनी साइट जशीच्या तशी परत चढवून घेतली, हिरवं बटण, करडं अक्षर, चौदा जणी, सगळं. हिला सांगितलं, भावनेच्या भरात काम करू नये. ती जागेवर येऊन बसली. तिला त्या दोघांच्या हसण्याची शिसारी आली होती, पण त्याहून जास्त झोंबलं ते हे, की मालकाचं बरोबर होतं. त्याचा सगळा धंदाच त्यावर उभा होता. माणसांची लाज हेच त्याचं कुंपण होतं, आणि कायद्याला ते ओलांडता येत नव्हतं. तिने पिशवी उचलली आणि दुपारीच घरी निघाली. नोकरी राहिली की गेली हे तिने विचारलं नाही.

वाटेत तिने हा कायदा राबवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या तक्रारीचा फॉर्म छापून घेतला. तो वाचताना मालकाचं म्हणणं तिला पुन्हा पटलं. निनावी तक्रार घेतली जाणार नाही. ज्याला त्रास झाला त्यानेच सही करायची, बनवणाऱ्याने नाही. आणि सहाव्या रकान्यात लिहायचं: साइट कोणत्या वस्तूसाठी वापरली.

घरी वडील जेवणाच्या टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होते. पलीकडे आई भाजी निवडत होती. रविवारपासून दादा वडिलांसमोर यायचं टाळत होता, तो आज सुट्टी म्हणून घरी होता आणि फोनमध्ये डोकं घालून बसला होता. फॉर्म बाकीच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून हिने वडिलांना हळूच खोलीत बोलावलं. ते उठले नाहीत. म्हणाले, इथेच सांग.

मग तिने सांगितलं. तक्त्याचं सांगितलं, दुरुस्त केलेलं कसं उलटवलं ते सांगितलं, मालक काय म्हणाला तेही शब्दन् शब्द सांगितलं. शेवटी माफी मागितली.

“किती म्हणालीस?” वडिलांनी विचारलं.

“अकरा हजार सहाशे बेचाळीस.”

“मग एकट्या माझीच माफी का मागतेस?”

त्यांनी हात पुढे केला. तिने फॉर्म दिला. त्यांनी तो आधी पूर्ण वाचला, मागची बाजूही, बारीक टीपही. मग शब्दकोडं बाजूला सारलं, चष्मा नीट बसवला आणि पेनने लिहायला घेतलं. आपलं नाव, पत्ता, वय. साइटचं नाव. किती वेळा ‘नको’ म्हटलं त्या तारखा, आठवतील तेवढ्या. त्यांना नऊ आठवत होत्या. दादाने फोन खाली ठेवला होता.

चौथ्या रकान्यात जबाबदार व्यक्तींची नावं मागितली होती. हिने मालकाचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. वडिलांनी लिहिली आणि पेन तिथेच टेकवून थांबले. त्यांनी वर बघितलं नाही, विचारलंही नाही.

“माझं लिहा,” ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. मान खाली घालून, तिसऱ्या ओळीत, घाई न करता, तिचं पूर्ण नाव लिहिलं. तक्रार करणाऱ्याचं आणि तिचं आडनाव एकाच कागदावर, वीतभर अंतरावर. आईने निवडलेली भाजी उगाचच पुन्हा निवडायला घेतली.

सहावा रकाना आला तेव्हा ती घाईने म्हणाली की तिथे नुसतं ‘रुग्णसाहित्य’ लिहिलं तरी चालेल. खात्यातले कारकून वाचतात, कुणाकुणाच्या हाताखालून जातं ते. वडिलांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी लिहिलं, आणि त्यांचं अक्षर पहिल्या रकान्यात होतं तितकंच स्थिर होतं. सही केली. तारीख टाकली. कागद तिच्याकडे सरकवला.

“मोठ्याने वाच,” ते म्हणाले. “काही चुकलं असेल तर कळेल.”

तिने वाचायला सुरुवात केली. वडिलांचं नाव वाचलं, नऊ तारखा वाचल्या, मालकाचं, साहेबांचं आणि स्वतःचं नाव वाचलं. दादा उभा राहिला होता, त्याला खोलीतून जावं की थांबावं हे कळत नव्हतं. सहाव्या रकान्याशी तिचा आवाज अडला. वडील ताठ बसून वाट बघत राहिले, समोर कुणी अनोळखी दुकानदार असावा तसे.

“मोठ्या माणसांचे डायपर,” तिने वाचलं. “मध्यम माप. स्वतःसाठी.”

“बरोबर आहे,” वडील म्हणाले आणि पेनला टोपण लावलं.